लाल ठिपका आणि बाळाबाईंचा डबा

“अनोळखी ठिपक्याच्या शेजारी ओळखीचा ठिपका ठेव, स्वप्ने. नाहीतर बघशील एक आणि समजशील भलतंच.”

वर्षाराणी हे म्हणाली तेव्हा ती आणि स्वप्नाली कॉलेजात शिकत होत्या. स्वप्नालीने हात उडवला. “बाई गं, तुझं आपलं शेजारपाजार! मला डोळे आहेत की.” आणि एकच ठिपका असलेली पट्टी तिने माझ्या पोटात सोडली.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत, खिडकीजवळच्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे. माझा जन्म भट्टीतला. वाळू तापून तापून वितळली आणि तिची मी झाले. माझ्यासारख्याच काही बहिणी लोणचं भरायला घरोघरी गेल्या. माझ्या नशिबी कधी कैरीची फोड आली नाही, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. पण माझ्या पोटात काय काय उलगडतं हे कळल्यापासून मी लोणच्याचं नाव घेतलेलं नाही.

माझं काम दिसायला साधं. एका पट्टीवर पांढऱ्या पुडीचा अगदी पातळ थर दिलेला असतो. त्यावर खालच्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारायची. शाईने नाही, कारण शाई स्वतःच चालू लागते. रेघेवर नमुन्याचा मोहरीएवढा ठिपका ठेवायचा. माझ्या तळाशी थोडंसं द्रावण ओतायचं, पट्टी आत उभी करायची, झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. वातीतून तेल चढावं तसं द्रावण थरातून वर चढतं आणि ठिपक्यातल्या रंगांना सोबत घेऊन निघतं. कुणाचा पाय थरात रुततो, तो मागे राहतो. कुणी हलक्या पायाचा, तो पुढे जातो. गडहिंग्लजच्या एसटीत एकदम चढलेली माणसं जशी आपापल्या थांब्यावर उतरतात, तसे सगळे रंग आपापल्या जागी उतरून उभे राहतात. मुलं याला टीएलसी म्हणतात. पातळ थरावरची ही परीक्षा.

पहिल्यांदा पालकाचं पान आलं तेव्हा मी थक्क झाले. हिरव्यागार ठिपक्यातून एक निळसर हिरवा निघाला, एक पोपटी निघाला, आणि सगळ्यांच्या वर चक्क पिवळा! हळदीच्या एका पिवळ्यातून तीन पिवळे वेगळे झाले. झेंडूच्या पाकळीने तर मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. काहीही मोडतोड नाही, आवाज नाही. एवढासा ठिपका, आणि त्याने आपलं सगळं खरं सांगून टाकावं!

मग शेजारच्या खोलीत हेच काम करणारं मोठं यंत्र आलं. त्याला गारवा लागायचा, पडदे लागायचे. माझ्यात कुणीतरी काचेच्या कांड्या खोचल्या, पुढे खडू. माझं झाकण घासून बसवलेलं होतं, ते कुणाच्या तरी चहावर झाकण म्हणून गेलं. अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी स्वप्नाली याच प्रयोगशाळेत शिकवायला आली. तिने खडू काढले, माझं झाकण शोधून आणलं, मला तीन पाण्यांनी धुतलं आणि माझ्या काठावरचा टवका बोटाने चाचपून म्हणाली, “अजून चालेल की ही.”

एव्हाना ती आई झाली होती. तिची राजनंदिनी तीन वर्षांची. स्वप्नाली आता दुधाची पिशवी उजेडात धरून बघायची, द्राक्षं पुन्हा पुन्हा धुवायची, लाल गोळी दिसली की पोरीच्या हातातून काढून घ्यायची. वर्षाराणीही इथेच शिकवते. ती चिडवायची, “उद्या हवा पण धुऊन देशील तिला.”

या साऱ्या काळजीत स्वप्नालीला एकच विसावा होता, उचगावच्या बाळाबाई. घराला घर लागून. स्वप्नाली कॉलेजात येई तेव्हा राजनंदिनी बाळाबाईंजवळ असे. स्वप्नालीच्या घरातली वर्षभराची चटणीसुद्धा बाळाबाईंच्याच हातची. आपल्याकडे चटणी म्हणजे लाल तिखटाचा मसाला. उन्हाळ्यात मिरची भाजायची, कांदा-लसूण घालून कांडपाच्या गिरणीवरून कुटून आणायची आणि वर्षभर पुरवायची. रश्श्यावर लाल कट आला की पाहुणा म्हणणार, “वा! चटणी झकास हाय.” चटणीची पारख आपण रंगावरच करतो.

एका दुपारी स्वप्नाली लवकर घरी गेली. दारातूनच तिला दिसलं, राजनंदिनीने बाळाबाईंच्या ताटातला घास उचललाय आणि बाळाबाई तिचा हात झटकून म्हणताहेत, “आगं न्हाय! माझ्या ताटातलं न्हाय खायाचं!” स्वप्नालीला बघताच त्यांनी चुलीजवळचा छोटा डबा पदराखाली सारला. पोरीच्या झबल्यावर तेलाचा डाग पडला होता. मिरचीचा डाग उन्हात उडतो, पण हा साबणाने गेला नाही, उन्हात गेला नाही. लालभडक तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाबाई पोरीसाठी दूध आणायला आत वळल्या, आणि स्वप्नालीने त्या डब्यातली चिमूटभर चटणी कागदात बांधून घेतली.

प्रयोगशाळेत आल्या आल्या तिने पट्टी काढली. तिने एकटाच ठिपका ठेवला. माझं झाकण लावलं. आणि ठिपका चालू लागला. वर गेल्यावर एक केशरी-लाल डोळा माझ्यातून तिच्याकडे बघत राहिला.

“रंग आहे,” ती म्हणाली. “तेलात विरघळणारा कपड्याचा रंग. आणि त्यांना माहीत होतं, वर्षा! म्हणून डबा लपवला. उद्यापासून नंदिनी तिथे जाणार नाही. तीन वर्षं मी डोळे मिटून...”

वर्षाराणी शांतपणे म्हणाली, “शेजारी कोण ठेवलंयस?”

स्वप्नालीने पट्टी पुन्हा उजेडात धरली.

“मिरचीतच लाल-केशरी असे कितीतरी रंग असतात, बाई. उद्या तू त्या म्हातारीच्या तोंडावर ही पट्टी फेकशील. ती परत तुझ्या दारात येईल व्हय? आणि तू जाशील?”

खरं सांगते मित्रांनो, मी एवढी ठिपक्यांची मालकीण, पण त्या क्षणी मला त्या एका ठिपक्याची भीती वाटली.

स्वप्नालीने पुन्हा पट्टी घेतली. आता एका रेघेवर तीन ठिपके. पहिला ओळखीचा, कपाटातल्या त्याच कपड्याच्या रंगाचा. मधला बाळाबाईंच्या डब्यातला. तिसरा ठेवताना तिने ओठ दाबून धरले होते, कारण तो तिच्या स्वतःच्या घरातल्या बरणीतला होता. बाळाबाईंनीच दिलेल्या चटणीचा. तो घास राजनंदिनी रोज खात होती.

मी जीव मुठीत धरून द्रावण वर चढू दिलं. हालले नाही.

पहिला आणि मधला एका उंचीवर थांबले. तोच केशरी-लाल, तीच जागा. आणि तिसरा? तिसऱ्यातून पिवळे, नारिंगी, तांबूस असे मिरचीचे आपले रंग पायऱ्या लावून उभे राहिले. त्या उंचीवर तो केशरी डोळा नव्हता.

“हात एकच, आणि चटण्या दोन?” स्वप्नाली पुटपुटली. तिचा राग कुठे ठेवावा हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती बाळाबाईंनाच घेऊन आली. द्रावणाचा वास नको म्हणून राजनंदिनीला वर्षाराणीजवळ बाहेर व्हरांड्यात बसवलं. बाळाबाई स्टुलावर टेकल्या आणि मला न्याहाळून म्हणाल्या, “एवढीशी बरणी? मला वाटलं मोठं इंजान असंल.”

स्वप्नालीने पट्टी दाखवली. कोणता ठिपका कुणाचा ते सांगितलं. मग हळूच विचारलं, “मावशी, आमच्या घरची चटणी चोख आहे. तुमच्या डब्यातली अशी का?”

बाळाबाईंनी पदर सावरला. “आगं, गडहिंग्लजच्या भावानं मिरची धाडली ती एवढीच. ती तुमच्यात दिली कांडून. मला आता भाजताना धाप लागती. दुसऱ्यांदा कोण करतंय? बाजारातनं सुटी पूड आणली. लाल हाय, झालं की.”

“मग डबा का लपवला?”

“लपवू न्हाय तर काय? तू बघितलं आसतंस तर म्हणली आसतीस, मावशी इकतचं खाती आणि आमाला कांडून देती. परत घेतली न्हाईस चटणी तर?” मग त्या पट्टीकडे वाकल्या. “आणि पोरीला न्हाय दिली मी. जाळ हाय निस्ता ते. तिच्या जिभंला सोसंल व्हय?”

“आणि तुमच्या जिभेला?”

“माझं काय बाई,” बाळाबाई हसल्या, “जीभ जुनी झाली.”

स्वप्नाली त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्याला कपाळ टेकून रडली. बाळाबाईंना काही कळेना. त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होत्या, “आगं, मॅडम ना तू? पोरं बघत्यात.”

त्या पुडीचा नमुना स्वप्नालीने पुढच्या तपासणीला दिला. कारण माझा ठिपका संशय दाखवतो. शेवटचा शब्द मोठ्या यंत्राचा, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. त्या रविवारी उचगावात दोन घरांची मिरची एकत्र भाजली गेली. भाजायला स्वप्नाली होती, शिंकायला राजनंदिनी आणि हुकूम सोडायला बाळाबाई. चटणीचे डबे दोन भरले. एकाच कढईतले.

आता मुलं घरून नमुने आणतात. कुणी मलकापूरहून हळद आणतं, कुणी गूळ, कुणी बडीशेप. माझ्यावर धूळ बसत नाही. मला धुऊन पालथं घालावं, झाकण कुणाच्या चहावर ठेवू नये, एवढंच माझं मागणं. पण स्वप्नालीचं मागणं याहून मोठं आहे. प्रत्येक नव्या वर्गाला पट्टी हातात देताना ती तेच सांगते, आणि आज तुम्हालाही सांगायला तिने मला बजावलंय:

तुमच्या ताटात कुणीतरी निवडून चांगलं वाढत असेल. आई असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. आज जेवायच्या वेळेला न सांगता त्यांच्याकडे जा, आणि त्यांच्या स्वतःच्या ताटात काय आहे ते बघून या.