टाच टेकत न्हाई

भागवत, म्हणजे माझा नवरा, म्हणला, "सदतीसाव्या वर्षी लाथाच मारायच्या तर मला मार, घरच्या घरी भागंल." मी म्हणलं, तुला मारायला क्लास लावायची गरज न्हाई.

आमची भोकरदनला पिठाची गिरणी हाये. पोरगी अर्पिता सहावीत. मागच्या वर्षी तिला कराटेच्या क्लासला घातलं आन तिला आणायला जाऊन जाऊन माझेच पाय वळवळायला लागले. कारण मी बी शिकलेली. एकोणीस वर्षांमागं, हारुन सरांकडं, कापसाच्या जिनिंगच्या शेडात. हसनाबादवरून यष्टीनं कॉलेजला यायचे, कॉलेज सुटलं की सरांकडं, आन शेवटच्या गाडीनं घरी. ब्राउन बेल्टपर्यंत गेल्ते. ब्लॅक बेल्टची परीक्षा वीस तारखेला आन माझं लग्न बारा तारखेला. आमच्या दादांनी, म्हणजे वडलांनी, सरांना पत्रिका नेऊन दिली. सरांनी वाचली, दादांना "मुबारक" म्हणले. मला काहीच म्हणले न्हाईत. त्याचा राग अजून हाये माझ्या मनात, कुणावर ते विचारू नका.

सरांचा क्लास पुढं बंद पडला. गावात आता एकच क्लास, रामप्रसाद सरांचा. सर कसले, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, आधी कुठं शिकलात?"

"हारुन सरांकडं. शोतोकान."

"आपलं शितो-रियू हाये, पद्धत वेगळी. जुनं समदं विसरावं लागंल." असं म्हणून पांढरा पट्टा हातात दिला आन लेकरांच्या मागच्या ओळीत उभी केली. माझी पोरगी माझ्या पुढं. मागं वळून मलाच सांगायची, "मम्मी, टाच."

ती टाच काय ते सांगते. कराटेत काता असतो. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली, एकापाठी एक, एकट्यानंच करायच्या. मी जो काता परीक्षेसाठी बसवला व्हता तो या दोन्ही पद्धतींत हाये, नाव बी तेच. पण हारुन सरांच्या पद्धतीत लांब पाय टाकून, गुडघ्यात वाकून उभं राहायचं, पुढचं पाऊल सपाट जमिनीला. रामप्रसाद सरांच्या पद्धतीत त्याच जागी आखडून उभं राहायचं आन पुढची टाच उचललेली. दोन बोटांचा फरक. त्या दोन बोटांसाठी त्यांनी मला आठ महिने छळलं. टाचेखाली खोडरबर ठेवायचे, दबला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी टाच आपोआप उचलायला लागली. भाकरी थापताना बी उचलायची. मला लई भारी वाटलं व्हतं तव्हा.

दिवाळीनंतर एक दिवस जुबेदाचाची ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर आली. हारुन सरांची बायको. सरांना लकवा मारला हे मला तीन महिन्यांपासून ठाऊक व्हतं. भेटायला गेले नव्हते. दुसऱ्याच्या क्लासला जाऊन कोणतं तोंड दाखवू त्यांना?

चाची म्हणली, "वंदना, सर तुझी याद करून राह्यले. उजवा हात गेला, पाय गेला, जबान अटकती. पण रोज एकच बोलणं, वंदनाचं इम्तिहान बाकी हाये. इतवारी ये आन देऊन टाक बाई."

एकोणीस वर्षं माणसानं ध्यानात ठेवलं, आन मी इकडं आठ महिन्यांत त्यांचं शिकवलेलं पुसून बसले.

त्या रात्रीपासून गिरणीत, पिठाच्या डब्यांमधी, जुना काता सुरू केला. डोक्याला समदा आठवत व्हता. पण वळले की टाच वर. रामप्रसाद सरांना विचारलं, तर म्हणले, "तुमचं ते मला येत न्हाई ताई. मोबाईलवर बघा." बघितलं. शंभरदा बघितलं. मला समजून काय उपयोग, पायाला समजायला पाहिजे ना.

इतवारी गेले. सर पलंगावर, उशांना टेकून. केवढा धिप्पाड माणूस, आता पांघरुणाखाली कुणी हाये का न्हाई असं वाटावं. पण नजर तीच. मी वाकून नमस्कार केला, काता केला. तीन ठिकाणी टाच उचलली. सरांनी डावा हात कसाबसा वर केला, माझ्या पायाकडं बोट केलं.

"फेल," म्हणले. "अगला इतवार."

"अवो, पोरगी कामधंदा सोडून आली, जरा तरी..." चाची म्हणली. सरांनी तिच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई.

मी बाहेर येऊन कोपऱ्यावर रडले. आन खोटं कामून बोलू, बरं बी वाटलं. लग्न झाल्यापासून मला कुणी फेल केलं नव्हतं. चुकलं की लोक हासतात, न्हाईतर जाऊ दे म्हणून सोडून देतात. या माणसाला माझं बराबर पाहिजे व्हतं. आता मला पास व्हायचंच व्हतं, पण खरं खरं.

रामप्रसाद सरांचा क्लास बंद केला. अर्पिता म्हणली, "मम्मी, पुढल्या महिन्यात आपली परीक्षा हाये." म्हणलं, तू दे. गिरणीवरचं दोन किलोचं माप फडक्यात गुंडाळून टाचेला बांधलं आन तसंच वळत राह्यले. भागवतनं बघितलं, चिडवायचं सोडून फडक्याची गाठ घट्ट करून दिली. माप बांधलेलं असलं की टाच टेकायची. सोडलं की वर. मी माझ्या पायाला शिव्या घातल्या, त्यानं काही मनावर घेतलं न्हाई.

दुसरा इतवार. दोन ठिकाणी चुकलं. फेल. तिसरा इतवार. शेवटची एकच जागा राह्यली. सगळा काता सरांच्या मनासारखा झाला, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं बी. शेवटी वळले आन मेली टाच उचलली. "फेल," सर म्हणले, पण अर्धं तोंड हासलं. मी घरी येईपर्यंत उड्या मारायची बाकी राह्यले व्हते. एकच जागा. आठ दिवसांत करून टाकते म्हणलं.

बुधवारी चाचीचा फोन आला. सरांना पुन्हा झटका आल्ता, जालन्याला नेलं व्हतं. शनिवारी घरी आणलं. चाचीनं पुन्हा फोन केला, म्हणली, "तू ये. वळखतात, हासतात. बोलत मात्र जास्त न्हाईत."

गेले. मी समोर आले तसे सर हासले. मी उभी राह्यले, श्वास घेतला, सुरू केलं. समदं बराबर पडत व्हतं. मागं चुकलेल्या दोन्ही जागा पार झाल्या. शेवटचं वळले, आन टाच उचलली. लपवण्यासारखं काही नव्हतंच. सर माझ्या पायाकडंच बघत व्हते. मी तशीच थांबले.

"पास," सर म्हणले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणलं, "सर, टाच बघा. उचलली ना." खाली वाकून बोटानं दाखवली. सरांनी बोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पास."

मंग मी काय केलं, सगळा काता पुन्हा केला, मुद्दाम चुकीचा. आखडून उभी राह्यले, प्रत्येक जागी टाच वर, शेवटी तर हात बी उलटे फिरवले. आधीचे सर असते तर पलंगावरून उठून आले असते. सर कौतुकानं बघत व्हते, लेकराकडं बघावं तसं.

"पास."

चाची आतून साखर घेऊन आली आन माझ्या तोंडात घातली. तिचे डोळे भरले व्हते. "झालं बाई एकदाचं. किती दिवसांचा जीव अडकला व्हता त्यांचा." तिला मी काय सांगणार व्हते? साखर गिळली. सरांच्या पलंगापाशी खाली बसले, त्यांचा चालता हात हातात घेतला.

म्हणलं, "सर, एकदा फेल म्हणा. पुढल्या इतवारी येते मी. एकदाच म्हणा."

सरांनी माझा हात हळूच दाबला. "पास," म्हणले.