अडीच किलो कुणाचे?

शून्य

मित्रांनो, मी जुना आहे, लोखंडी आहे आणि खरे बोलतो. या तीन गुणांमुळे मला सहसा कोणी दिवाणखान्यात ठेवत नाही. मी वजनकाटा आहे. खाली चौकोनी पाट, त्याला एक उभा दांडा, दांड्यावर गोल तबकडी आणि तबकडीत लाल काटा. माझ्यावर कोणी नसते तेव्हा काटा शून्यावर असतो. तेवढीच माझी विश्रांती.

चाळीस किलो, साठ किलो, पुन्हा चाळीस

कारखान्यात माझी परीक्षा झाली. दोन माणसांनी खरी वजने ठेवून ठेवून मला तपासले, मी पास झालो आणि माझ्या पाठीवर पत्र्याचा बिल्ला ठोकला गेला. तरुणपण पार्सल ऑफिसात गेले. पोती, खोकी, पेट्या, एकदा एक शिवणयंत्र. सामानाची एक गोष्ट मला फार आवडायची. ते हलत नाही आणि वाद घालत नाही.

मग ऑफिस बंद पडले. दोन वर्षे मी जिन्याखाली धूळ खात उभा होतो. एका कोळ्याने माझ्यावर संसार थाटला. त्याच्या अख्ख्या कुटुंबाने मिळून माझा काटा केसभरही हलवला नाही.

तिथून मला बाईंनी आणले.

दहा किलो

बाई लॉज चालवतात. आठ खोल्या, एक जिना. खालच्या पुढच्या खोलीत काउंटर, जेवणाची दोन टेबले आणि मी. दोन गल्ल्या सोडून जनावरांचा मोठा दवाखाना आहे, त्यामुळे इथे येणारे निम्मे लोक कुत्री-मांजरे घेऊन येतात. बाकीची लॉजे 'सोबत कुत्रा आहे' हे वाक्य पुरे होण्याआधी फोन ठेवतात. बाई ठेवत नाहीत. पण एकदा वासराएवढ्या एका कुत्र्याने जिन्यावरून उडी मारली आणि कठडा सोबत घेऊनच तो खाली आला. त्याच दिवशी बाईंनी पाटी रंगवली: 'पाळीव प्राणी चालतील. वजन दहा किलोपर्यंत. काटा इथेच आहे.'

पाटीवर आपला उल्लेख! आठवडाभर मी हवेत होतो.

चार किलो, सात किलो, चार किलो, काहीही

मित्रांनो, कुत्र्याचे वजन करून बघा एकदा. आधी तो पुढचे दोन पाय ठेवतो. मी म्हणतो, चार. मालक ओरडतो, "बघा, चारच किलो!" बाई म्हणतात, "मागचे पायही आपलेच आहेत ना? ठेवा तेही." मग कोणी शेपटी हळूच वर धरतो, जणू तिच्यातच सगळा भार आहे. एक गृहस्थ कुत्र्याला "श्वास सोड, श्वास सोड" म्हणत स्वतःच श्वास सोडत होते. एका काकूंनी मांजराच्या गळ्यातला पट्टा काढला, मग पट्ट्यावरची टिकली काढली आणि म्हणाल्या, "आता करा." आधीही तीन किलो, नंतरही तीन किलो.

आणि गंमत सांगू? लॉजचे दोन पडदे आणि एका पाहुण्याची उजवी चप्पल फाडली ती सव्वादोन किलोच्या एका पांढऱ्या झुपकेदार कुत्रीने. नियमात चोख बसणाऱ्या. मी वजन सांगतो, मित्रांनो. स्वभाव सांगणारी तबकडी माझ्यावर बसवलेली नाही.

बारा किलो

एका संध्याकाळी साडेसहाला एक निवृत्त शिंपी आणि त्यांची बायको दारात आली. शिंप्यांच्या कडेवर कुत्रा होता. म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाव बारीक. पिल्लू असताना ठेवलेले. पुढे तो ढोलासारखा झाला तरी नाव बदलायचे कोणाला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला दवाखान्यात न्यायचे होते, आठला एका डोळ्याचे ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावले होते, संध्याकाळी सहानंतर पोटात एक घासही जाता कामा नये. गाव चार तासांवर. त्यांना मुक्काम हवाच होता, आणि तीन लॉजनी त्यांना फोनवरच नकार दिला होता. ही तारीख हुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

"फोनवर साडेनऊ किलो सांगितलं होतं तुम्ही," बाई म्हणाल्या.

"साडेनऊच आहे," शिंपी म्हणाले. "मी स्वतः मोजलाय."

बारीकला माझ्यावर ठेवले. प्रवासाने तो इतका दमला होता की त्याने एकही पाय वर घेतला नाही. माझ्या पाटावर हनुवटी टेकवली आणि गरम श्वास सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटे बोलावेसे वाटले. काटा दहावर धरून ठेवावा म्हणून मी पोटातली स्प्रिंग आवळून पाहिली. पण लोखंडाला ते जमत नाही. काटा निघाला, दहा ओलांडले, अकरा ओलांडले आणि बारावर जाऊन आरामात थांबला.

"काटा बिघडलाय," शिंपी म्हणाले.

हे मला लागले.

"अहो, जन्मात एकदा तरी म्हणा, माझं चुकलं," बायको म्हणाली.

"चुकलं कसं? याला उचलून मी वाण्याच्या काट्यावर उभा राहिलो. दोघांचे मिळून साडेएक्याऐंशी. त्यातून माझे बहात्तर वजा केले. राहिले साडेनऊ. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलीत मी."

"आणि तुमचे बहात्तर कुठून आणले?"

"मला माझं वजन माहीत नाही का? गेल्या वर्षी केलं होतं की."

बाई काउंटरमागून बाहेर आल्या. "माझा काटा खोटं बोलत नाही. तुम्ही उभे राहा बघू." पाठीवरच्या बिल्ल्यापेक्षा मला ते वाक्य मोठे वाटले.

सत्तर किलो, नंतर साडेएकोणसत्तर

शिंपी कोटासकट चढले. सत्तर.

"थांबा," बायको म्हणाली. "कोटाच्या खिशात काय आहे?"

"रुमाल."

बायकोच्या मांडीवर बसलेल्या बारीकला डोळ्यांनी काही दिसत नव्हते, पण 'खिसा' हा शब्द कानी पडताच त्याने मान वळवली आणि नाक थेट उजव्या खिशाकडे रोखले. बायकोने खिसे रिकामे केले. बिस्किटांचे दोन पुडे, पावाचा मोठा तुकडा, कागदात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी.

"हा रुमाल?"

माझा काटा अर्धा किलो मागे आला. साडेएकोणसत्तर.

बायकोने बोटांवर बेरीज केली, ओठ हलवत, दोनदा. "साडेएकोणसत्तर आणि बारा. साडेएक्याऐंशी. बरोबर आहे की! म्हणजे वर्षभरात अडीच किलो तुमच्यातले गेले आणि ते याच्यात आले!"

शिंपी माझ्यावरून उतरायलाच विसरले.

"म्हणून ताट चाटूनपुसून लख्ख असायचं होय! आणि मी वेडी सगळ्या शेजारणींना सांगत सुटले की माझ्या हाताला चव आलीय."

"अगं, चव आहेच..."

"गप्प बसा."

"त्याला वाटी दिसत नाही गं," शिंपी हळूच म्हणाले. "इकडेतिकडे तोंड मारतो, धडपडतो, मग लाजून कोपऱ्यात जाऊन बसतो. हाताने दिलं की खातो. मग मी देतो. जरा जास्त होत असेल."

"आणि आज? सहानंतर?"

"नाही दिलं. तुझी शपथ. पुडा फोडलेलाच नाही, बघ. पावही जसाच्या तसा आहे. नुसतं जवळ ठेवलंय, ऑपरेशन झाल्यावर द्यायला."

बायकोने दोन्ही पुडे उलटसुलट करून पाहिले, अंडी मोजली आणि मग पदराने डोळे पुसले. बारीकला छातीशी धरून ती उठली. "चला. स्टँडवर बाक आहे. बसू तिथेच सकाळपर्यंत. नियम तो नियम, यांचा काय दोष?"

"तू इथे खोली घे," शिंपी म्हणाले, "आम्ही दोघं जातो."

"हो, म्हणजे तिथे अंडी सोलायला मोकळे!"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी पाहुण्यांची वही उघडली, चष्मा लावला. बाईंनी चष्मा लावला की लॉजमध्ये कोणी बोलत नाही. "कुत्रा बारा किलो. बरोबर?"

"बरोबर."

"त्यातले अडीच किलो कुणाचे?"

बायकोने नवऱ्याकडे बोट दाखवले. "यांचे," बायको म्हणाली.

"मग यांच्याच नावावर लिहायला हवेत." बाईंनी एकेक अक्षर कोरत लिहिले आणि वाचून दाखवले. "गृहस्थ, बहात्तर किलो. कुत्रा, साडेनऊ किलो. फोनवर सांगितलं तेच निघालं. माणसांना माझ्याकडे मर्यादा नाही. दोन नंबरची खोली घ्या, जिना चढायला नको. बिस्किटं माझ्या ड्रॉवरमध्ये. आणि तुम्ही हो, आपले अडीच किलो परत मिळवायचे. जेवायला रोज इथे, माझ्या डोळ्यांसमोर बसायचं."

मी काय सांगू? मी खरे बोललो होतो, आणि वहीतले मला खोडून काढता येत नव्हते.

वजन केले नाही

ऑपरेशन नीट झाले. तपासणीसाठी ते आणखी चार दिवस राहिले. बारीकने डोळा खाजवू नये म्हणून त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा फनेल होता आणि तो प्रत्येक खुर्चीला धडकून तिच्याकडेच रागाने बघायचा. बघायचा, मित्रांनो!

चौथ्या दिवशी दुपारी शिंपी टेबलाशी जेवायला बसले. बाई काउंटरमागे, बायको समोर. सवयीने त्यांचा डावा हात पोळीचा तुकडा घेऊन टेबलाखाली गेला आणि तिथेच राहिला. खाली कोणी नव्हते. बारीक खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. फनेल तिरपा करून, एका डोळ्याने नेम धरून, तो स्वतःच्या वाटीतून स्वतः खात होता.

शिंप्यांनी हात वर घेतला. तुकड्याकडे पाहिले.

"खा आता तुम्हीच," बायको म्हणाली. नेहमीपेक्षा खूपच हळू.

आणि त्यांनी खाल्ला.

त्या चार दिवसांत त्या तिघांपैकी कोणीही माझ्यावर पाय ठेवला नाही. मला राग आला नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती. आपल्या प्राण्याला घेऊन परगावी जाल, तेव्हा उतरायची जागा आधी विचारून ठेवा आणि विचारताना त्याच्याबद्दल खरे ते सांगा. तो किती किलोचा, भुंकतो का, जिना चढतो का, अंधारात त्याला वाटी सापडते का. आठवणीतल्या वजनाने वजाबाकी करू नका. मला ओल्या फडक्याने पुसू नका, मी गंजतो. आणि त्याला माझ्यावर ठेवलेत की त्याच्या पोटाखालचा हात काढून घ्या. काढवत नसेल, तर तसे सांगा. आपण दोघांचे मिळून वजन करू आणि कुणाचे किती, ते बाईंवर सोपवू.