अठ्ठाविसाव्या मजल्यावरचा बॅरोमीटर

लिफ्ट दहाव्या मजल्याखाली आली आणि घड्याळवाल्याकडे दुरुस्तीला न्यायला आयरीनने छातीशी धरलेल्या बॅरोमीटरचा काळा काटा आपणहून हलला. ती चमकली. ॲड्रियन मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. तिने मुलाला कोपराने ढोसलं.

तळमजला येईपर्यंत काटा सरकत सरकत पितळी काट्याखाली जाऊन थांबला. गावठाणातल्या घरी तो असायचा तिथेच.

"सोप्पं आहे ना, मम्मी," ॲड्रियन म्हणाला. "उंचावर हवेचा दाब कमी. अठ्ठाविसाव्या मजल्यावर काटा घसरणारच. ठणठणीत आहे तो."



तिच्या नवऱ्याच्या, लुईसच्या आजोबांना हा बॅरोमीटर त्यांच्या फ्रेंच साहेबाने मायदेशी परतताना दिला होता. लाकडात कोरलेली कबुतरं, त्यांवर सोन्याचा वर्ख, तबकडीवर फ्रेंच अक्षरं. ती घरात कुणाच्या बापाला वाचता येत नव्हती, पण लुईस रोज सकाळी काचेवर टिचकी मारायचा आणि पितळी काटा काळ्यावर आणून ठेवायचा. तो गेल्यावर आयरीन ते करू लागली.

पंधरा दिवसांपूर्वी नाहूरचं गावठाणातलं घर सोडून मायलेक टॉवरमध्ये आले. सामानाला हमाल होते. बॅरोमीटर तिने दिला तो दशरथ सुताराकडे, तीस वर्षांच्या भरवशावर. त्याने तो स्वतःच्या गोधडीत गुंडाळून वर आणला. संध्याकाळी काळा काटा घसरलेला दिसला आणि आयरीनचं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात जाऊन, त्याच्या सुनेसमोर, ती त्याला वाट्टेल ते बोलली.

"हात थरथरतात तर सांगायचं होतंस. आपटलास ना कुठेतरी?"

दशरथने वाद घातला नाही.

"लागला आसात खंयतरी, बाय," एवढंच तो म्हणाला.

आता घड्याळवाल्याकडे जायचं कारण उरलं नव्हतं. "दशरथकडे चल," आयरीन म्हणाली. वाटभर ती मनात घोकत राहिली: चूक माझी होती. तीनच तर शब्द. पण आजवर तिने ते कुणाला म्हटले नव्हते, लुईसलाही नाही.

दशरथ दुकानात रिकामा बसला होता. सून दिशाने खुर्ची पुढे केली.

"बाबा कोरीव काम घेतच नाहीत आता," ती हळूच म्हणाली. "म्हणतात, हात गेले."

दशरथची नजर बॅरोमीटरवर पडली. तो उठून उभा राहिला.

"नीट झाला ता, बाय?"

आयरीनने तोंड उघडलं. दिशा बघत होती. ॲड्रियनही बघत होता.

"झाला," ती म्हणाली.

दशरथने डोळे मिटून हात जोडले. "देव पावलो. माझ्या हातान बिघाडला, तरी तुमी माका दाखवूक इलात. मोठा मन तुमचा."

"मम्मी," ॲड्रियन म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. शरमेने तिचे कान तापले होते. काहीतरी करायला हवं म्हणून तिने बॅरोमीटर पुढे केला.

"घे, बघ तरी."

दशरथ मागे सरला. दोन्ही हात त्याने पाठीशी नेले.

"नको, बाय. माझ्या हातात नको."

दिशाने चहा आणला. बॅरोमीटर मांडीवर धरून आयरीनने चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि छान झालाय, असं तिला सांगितलं.