समुद्राखालची ओळ

माझ्या खानावळीच्या भिंतीवर समुद्र आहे. नागपुरात समुद्र कुठून आला, असं विचारून हसणारे पुष्कळ येतात. त्यांना मी आधी वरण वाढते, मग सांगते. माझा नवरा शालिकराम पाट्या रंगवायचा. समुद्र त्यानं बापजन्मी पाहिला नव्हता. दारासमोरचा तलाव पाहिला, त्याचा पलीकडचा काठ पुसून टाकला, झाला समुद्र. जहाजं कॅलेंडरवरून उचलली. मासे मात्र आमच्या तलावातलेच, मिशावाले.

समुद्राखाली त्यानं वीतभर उंच अक्षरांत लिहिलं: ‘इथे जात विचारू नये. विचारील तो उपाशी जाईल.’

ही ओळ छप्पन सालच्या दसऱ्याची. धम्मदीक्षेसाठी पांढऱ्या कपड्यांतली माणसं गावोगावाहून आली होती, आम्हीही त्यांच्यातलेच. कितीक जण सांगत होते की वाटेत पाणी मागितलं तर आधी जात विचारली. तलावाकाठच्या या इमारतीच्या ओसरीत, याच भिंतीपुढं, आम्ही त्यांना पिठलं-भाकर वाढली. इमारतीचे मालक रामाजीशेठ, लकडगंजचे लाकडाचे व्यापारी. त्यांनी ओळ वाचली, चपला काढल्या आणि येऊन पंगतीत बसले. मोठा माणूस.

त्यांचा मुलगा मनोहरराव. त्याच्याविषयी मी काय बोलू, पुढं कळेलच.

रामाजीशेठ गेल्यावर मनोहररावाच्या मनात आलं की वरचा मजला लग्नाला भाड्यानं द्यायचा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की तुझ्याकडचं भिंतीवरचं चित्र जुनं आहे, जपलं तर इमारतीचं नाव होईल. म्हणून त्यानं चित्रकलेच्या शाळेतून शामला नावाची मुलगी आणली. तिला बजावलं की समुद्र स्वच्छ करायचा, खालची ओळ सोडून द्यायची. ओळीवर तो डिस्टेंपर मारणार होता. लग्नघरचे लोक ओळ वाचतात अन् दुसरीकडं हॉल पाहतात, असं त्याचं म्हणणं.

शामला आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात. म्हणाली, तेल न लावता घट्ट कणीक भिजवून द्या.

“भिंतीले पोळ्या चारतं का वं पोरी?” मी म्हटलं. अन्नानं भिंत पुसायची, हे मला पटेना. पण तिनं कणकेचा गोळा जहाजावर हलकेच दाबला आणि उचलला. काजळी गोळ्याला चिकटून आली, खाली निळं पाणी लखलखलं. मी आणखी कणीक भिजवायला घेतली. काजळी माझ्याच चुलीची आणि मला तिची लाज नाही. चूल पेटली नसती तर भिंत कोरी राहिली असती अन् माणसं उपाशी.

मग मी तिला सांगितलं, कणीक माझी आहे, तर सुरुवात मी म्हणेन तिथून. ओळीपासून. ती म्हणाली, मनोहरराव रागावतील. मी म्हटलं, त्याच्या रागाले मी पाहते. पोरीनं पदर खोचला. दिवस कलेपर्यंत अर्धी ओळ उजळून निघाली.

दुसऱ्या दिवशी मनोहररावानं ते पाहिलं. आधी चिडला, मग गोड झाला.

“मनकर्णाबाई, एवढा मोठा समुद्र ठेवतो आहे तुमच्यासाठी. एक ओळ सोडा. नाहीतर सगळ्या भिंतीवर डिस्टेंपर मारतो.”

शामलाचा चेहरा उतरला. तिला चित्र जाण्याची भीती. मला माझ्या माणसाचा हात दिसत होता, प्रत्येक लाटेवरचा.

“समुद्र त्यानं न पाहता काढला,” मी म्हटलं. “ओळ पाहून लिहिली. पुसायचा तर समुद्र पुसा.”

तो निघून गेला आणि दुपारच्या आत त्याचा रंगारी बळीराम बादली घेऊन हजर. मी भांडले नाही. भिंतीला पाठ लावून पंगत बसवली. पानावरून माणूस उठवायचा नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. उठवणाऱ्याला लोक जन्मभर नावं ठेवतात. लकडगंजचे हमाल जेवून उठायच्या आत कोराडीच्या वीजघरातले कामगार बसले. ते उठायच्या आत मोहल्ल्यातल्या बाया. एका टोकानं पंगत उठायची, दुसऱ्या टोकानं बसायची. रिकाम्या टोकाला शामला कणीक दाबत होती.

“बाई, मी कव्हा रंगवू?” बळीराम म्हणाला.

“लोकं जेवले का रंगव. तू जेवला का गा?”

तो नव्हता जेवला. बसला. बादलीतल्या रंगावर साय धरली.

मग मनोहरराव आला. मी बळीरामाच्या शेजारी पत्रावळ मांडली, रामाजीशेठ बसले होते तिथंच. भात वाढला, वरण वाढलं. खरं सांगते, तो बसला असता तर मी तूपही वाढलं असतं. त्यानं पंगतीवरून नजर फिरवली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, “ही मंडळी कोणत्या लोकांतली आहेत?”

हळू विचारलं तरी हमालांचे कान तिखट. सगळे घास थांबले. एकानं मान वळवून भिंतीकडं पाहिलं, मग दुसऱ्यानं, मग साऱ्या पंगतीनं. शामलानं तेवढ्यात ‘जाईल’वरचा गोळा उचलला. ओळ पुरी उजळली होती. मनोहररावानंही ती वाचली. त्याचे कान लाल झाले.

“कोर्टात पाहून घेईन,” तो म्हणाला आणि चालू लागला.

“पाहा,” मी म्हटलं. “पण उपाशी तुमाले मी नाही धाडलं, भिंतीनं धाडलं.”

त्याचं पान बळीरामनं संपवलं.

कोर्टाचं काम चालू आहे. वकील म्हणतो, इमारत मनोहररावाची, भिंतही त्याचीच. असेल. पण माझी चूल पहाटे पेटते आणि पंगत तिथंच बसते. शामला अधूनमधून येते, कणीक मागून घेते आणि नवी काजळी काढून जाते. ज्याला भिंत रंगवायची असेल त्यानं आधी पंगत उठवून दाखवावी.