तिसरं डोकं

तू आधी ऐक, मधे बोलू नकोस. काल दुपारी डुकराचं दुसरं डोकं पिशवीत कोंबून मी परत माजांगच्या मटणबाजारात उभी, आणि दुकानातली मावशी मलाच हसतेय.

"काय गं, डोकं न्यायला आलीस की मुलगा पसंत करायला? पहिल्याचा कान वाकडा. ह्याचं काय झालं?"

"मावशी, सर म्हणतात हे हसत नाहीये."

"मेलंय ते! तुझे सर तरी कुठे हसतात?"

आता आमच्याकडे डुकराचं डोकं मांडून पूजा झाल्याशिवाय शूटिंगला कोणी हात लावत नाही, आणि शुभ म्हणून ते डोकं हसरं हवं, हे मान्य. पण आमच्या ह्याच दिग्दर्शक बांग सरांनी पहिल्या सिनेमाला डुकराच्या आकाराचा लाल प्लास्टिकचा गल्ला मांडला होता गं! डोकं आणायची ऐपत नव्हती. प्रत्येक मुलाखतीत कौतुकाने सांगतात. तो सिनेमा पडला, दुसरा चालला, तिसऱ्याला परदेशात मोठं बक्षीस. विमानतळावर फुलं काय, फोटो काय! आणि त्यानंतर काही नाही. वर्षानुवर्षं नुसती पटकथाच चाललीये. शेवटी निर्मात्या योम बाईंनी काल सगळ्यांसमोर सांगितलं, "आज पूजा झाली नाही, तर सिनेमा दुसऱ्या कोणाला देते." मी सरांची मुख्य सहायक. वाटलं, माझंच डोकं उकडून मांडा आणि मोकळे व्हा.

तिसरं आणलं. टेबलावर फळं, तांदळाची दारू, सगळं तयार. सरांनी वाकून बघितलं.

"सगळे बाहेर जा. मला नीट बघू दे."

झालं! अख्खं युनिट व्हरांड्यात, उपाशी. योम बाई येरझाऱ्या घालतायत. मी म्हटलं, बस्स, आता सुनावतेच. दार थोडं ढकललं, तर सर चटईवर कपाळ टेकून पडलेले. नमस्कार वगैरे नाही, नुसतेच पडलेले. डुकराशी बोलत होते.

"माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाहीये रे. एकदा हस. नाहीतर हसूच नकोस, म्हणजे मी सुटतो."

तेवढ्यात मागून योम बाई, "काय गं, हसतंय का?"

खरं सांगू? नव्हतं हसत. जेवायला उशीर झालेल्या काकासारखं तोंड होतं त्याचं. 'नाही' म्हटलं असतं, तर सर सुटले असते. कायमचे.

मी दार सताड उघडलं.

"हसतंय! या सगळे!"

सगळे घुसले. कॅमेरामन म्हणतो, "वा, काय गोड हसतंय!" सर उठले, गुडघे झटकले. डुकराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग दारूचा वाडगा उचलला, तर अर्धी दारू चटईवरच सांडली.

आज सकाळपासून पहिल्याच शॉटचे रीटेक चाललेत. माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी चिडू तरी कोणावर? तूच सांग, दाराशी तू असतीस, तर काय म्हणाली असतीस?