छातीवरची किक

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर असं: फूटी, म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळून थकलेली नाहीतर संघाने हाकलून दिलेली पोरं शोधायची आणि ती अमेरिकेला खपवायची. माझी बहीण म्हणते, "म्हणजे तू गुरांच्या बाजारातली दलाल." म्हणू दे. तिच्या नवऱ्याला कोणी फुकटसुद्धा नेणार नाही.

आमच्या व्हिक्टोरियात पोरगं चालायला लागलं की लाथ मारायला शिकतं. हातातून चेंडू सोडायचा आणि जमिनीला टेकायच्या आत पायाने उडवायचा, एवढंच. अमेरिकन फुटबॉलच्या संघांत पन्नास-पन्नास आडदांड गडी असतात, पण हे काम नीट करणारा एक मिळाला तरी त्यांना सण वाटतो. म्हणून त्यांची माणसं अधूनमधून मेलबर्नला येतात, हाताची घडी घालून मैदानाच्या कडेला उभी राहतात आणि मी माझी पोरं त्यांच्यासमोर उभी करते. आधी मी शाळेत खेळ शिकवायचे, त्यामुळे पोरं मला बाई म्हणतात. अजून वाईटही म्हणत असतील, पण माझ्या पाठीमागे.

टीग लेनहन मला कोरोइटच्या पुढे एका गावच्या सामन्यात सापडला. थंडी मरणाची, मैदानात घोट्याएवढा चिखल. या पोराच्या डाव्या पायातून चेंडू सुटला तो वाऱ्याला न जुमानता अर्धं मैदान ओलांडून धावत्या माणसाच्या छातीवर अलगद जाऊन बसला. तो धावता माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ डर्मट. त्याने नुसता हात वर केला होता. आमच्या खेळात हात वर करणं म्हणजे 'इकडे दे'. माझ्या हातातला चहा गार झाला, मी तिथून हलले नाही.

सामना संपल्यावर कळलं ते असं. मेलबर्नच्या एका मोठ्या संघाने टीगला दोन हंगाम ठेवून घेतलं आणि मग फोनवर सांगितलं, येऊ नकोस. तेव्हापासून तो डर्मटबरोबर घरच्या गायी सांभाळत होता. मी अमेरिकेचं नाव काढलं तर पोराचे डोळे असे चमकले की मलाच भीती वाटली.

"बाई, एकदा हाकललंय मला," तो म्हणाला. "आता कोणीतरी मला ठेवून घ्यावं. कुठेही. मग मी गप्प बसेन."

गप्प बसेन म्हणाला आणि वर्षभर माझं डोकं खाल्लं. त्याच्या पायात एक खोड होती.

ती खोड समजायची तर अमेरिकन लोकांचा खेळ थोडा सांगावा लागेल. त्यांच्याकडे लांब लाथ मारायची वेळ येते ती पुढे सरकणं खुंटलं की. मग चेंडू शत्रूच्या हवाली करायचा, पण होईल तितका लांब आणि उंच. शत्रूचा एक माणूस मागे थांबलेला असतो, तो चेंडू झेलतो आणि उलटा आपल्याच अंगावर धावून येतो. म्हणून चेंडू पडायला हवा तो जिथे तो माणूस नाही तिथे. त्याला पळवायचं, त्याची फे फे उडवायची. आमच्याकडे सगळं उलटं. आमची किक म्हणजे आपल्या माणसापुढे वाढलेलं ताट. त्याला जागचं हलावंसुद्धा लागू नये. खरा कसबी असेल तर चेंडूची शिवणही बाहेरच्या बाजूला ठेवतो, झेलणाऱ्याच्या बोटांना टोचू नये म्हणून.

बाकीची पोरं हे काही महिन्यांत विसरतात. टीग विसरेना. मैदान रिकामं असलं की त्याची किक बघावी! पण समोर माणूस दिसला, की चेंडू त्याच्या छातीवर.

"अरे, तो काय तुझा मावसभाऊ आहे?" मी ओरडायचे. "तो तुला उताणा पाडायला उभाय!"

"मला कळतंय हो बाई. पायाला कळत नाहीये."

शेवटी मी शेजारच्या ग्लेनला पकडून आणलं. ग्लेन प्लंबर आहे, जन्मात फूटी खेळलेला नाही, आणि त्याच्याकडे बघून कोणाला काही द्यावंसं वाटेल असा त्याचा चेहराही नाही. त्याला मी समोर ठोकळ्यासारखं उभं करायचे आणि टीगला त्याच्यापासून लांब मारायला लावायचे. हळूहळू पाय वठणीवर आला. उन्हाळा संपेपर्यंत टीग ग्लेनला असा पळवायचा की ग्लेनची बायको माझ्याशी बोलेनाशी झाली.

आणि मग पर्विस आला. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाचा हा माणूस, दक्षिणेकडचा, प्रत्येक वाक्याच्या टोकाला 'मॅडम' लावणारा. त्याने आधीच कळवलं होतं: एकच जागा आहे, आणि पंचविशीच्या पुढचा मी बघत नाही. टीगची पंचविशी दारात आली होती. म्हणजे आज नाहीतर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं आणि टीगलाही.

चाचणीत समोर झेलायला ग्लेनच उभा राहायचा होता, पण त्या सकाळी त्याचा फोन आला. कोणाचा तरी बाथटब उचलताना पाठीत उसण भरली होती, वळतासुद्धा येत नव्हतं. मी कपाळावर हात मारला.

"मी आहे ना," मागून आवाज आला. डर्मट. पहाटे गायींचं दूध काढून भावाला गाडीने घेऊन आला होता. अंगात चौकड्यांचा सदरा, गाडीच्या मागच्या बाजूला कुत्रं. "माझ्याएवढं त्याचं कोणी झेललंय?"

तीच तर पंचाईत होती! पण पर्विस शेजारीच उभा, मी काय सांगणार? डर्मटला बाजूला घेतलं.

"हे बघ, हात खिशात. तोंड बंद. खांबासारखा उभा राहा."

"खांब. बरं," तो म्हणाला.

आधी पर्थचा ऑल्डेकर म्हणून एक होता, त्याने किक मारल्या. लांब होत्या, पण काय ते वेडेवाकडे चेंडू! कुठे पडणार ते ऑल्डेकरलाच माहीत नव्हतं, तर डर्मटला कुठून कळणार? कोंबड्या पकडायला निघाल्यासारखा तो मैदानभर धावत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, झेलणारा दमला तर चांगलंच आहे.

मग टीग पुढे आला. पर्विसची पद्धत अशी की आधी नजर पायावर, चेंडू सुटला की हातातलं घड्याळ दाबायचं, आणि मग दुर्बीण उचलून झेलणाऱ्याकडे बघायचं. टीगने चेंडू हातात घेतला. लांबवर डर्मटचा हात आपोआप खिशातून निघाला आणि वर गेला. धाकट्याने चेंडू धरला की थोरल्याचा हात वर, ही लहानपणापासूनची सवय, ती काय माझ्या सांगण्याने जाते! किक ढगाला लागली आणि सरळ डर्मटच्या छातीवर उतरली. मी डोळे मिटून घेतले.

"मॅडम!" पर्विस ओरडला. "हात वर केला त्याने!"

मला क्षणभर काही उमजेना. मग लख्ख उमजलं. त्यांच्या खेळात झेलणाऱ्याने हात वर केला तर त्याचा अर्थ, 'मी नुसता झेलतो, पळत नाही, मला हात लावू नका.' किक इतकी उंच असते की चेंडू खाली येईपर्यंत शत्रू डोक्यावर येऊन थांबतात, तेव्हा घाबरलेला माणूस असा हात वर करतो. लाथ मारणाऱ्याला याहून मोठा सलाम नाही. आणि डर्मटचा हात किकच्या आधीपासून वर होता, ते पर्विसने पाहिलंच नव्हतं.

दुसरी किक. हात वर. तिसरी, हात वर. पर्विस खुशीत आला. "त्या दुसऱ्याच्या एकाही किकला हात वर केला नाही त्याने, मॅडम. आणि या पोराच्या प्रत्येक किकला!"

मला कोणी काही विचारलं नव्हतं. टीगने एकदा माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला सगळं कळत होतं. मी मान हलवली, म्हणजे मारत राहा. आणि किक उंच तर होत्याच, त्यात काही खोटं नव्हतं.

"मला त्या झेलणाऱ्याशी बोलायचंय," पर्विस म्हणाला आणि चालू लागला. मी मागोमाग पळाले, टीगही आला.

"तुम्ही दरवेळी हात वर केलात," पर्विसने डर्मटला विचारलं. "का बरं?"

"ऊन होतं ना, डोळ्यांवर..." मी मध्येच तोंड घातलं.

"मॅडम, त्यांना बोलू द्या."

डर्मटने हात पँटला पुसले. एकदा भावाकडे पाहिलं, मग घसा खाकरला. या माणसाच्या तोंडून भावाचं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. गावात कोणीच ऐकलेलं नसणार.

"साहेब," तो म्हणाला, "हा पोरगा सहा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याचं झेलतोय. मी हात करेन तिथे चेंडू येतो. मला पाऊलभर हलायला लागत नाही. आंधळ्याने हात वर केला तरी त्याच्या छातीवर येईल. असा पाय आमच्या भागात दुसरा नाही. मी हे त्याला कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगतो."

आमच्या देशात एका खेळाडूने दुसऱ्याबद्दल याहून मोठं बोलायला शब्दच नाहीत.

"पाऊलभरसुद्धा नाही?" पर्विसने हळूच विचारलं.

"नाही म्हणजे नाही!"

पर्विसने घड्याळ खिशात टाकलं. पण माणूस सरळ होता, त्याने आणखी एक संधी दिली. टीगला म्हणाला, "पोरा, आता यांच्यापासून लांब मार. त्या उजव्या कडेला."

टीग बराच वेळ चेंडू घेऊन उभा राहिला. मी मनात ग्लेनचं नाव घेत होते, देवाचं घ्यावं तसं. किक उजव्या कडेला सुटली. झकास सुटली. पण ही आपलीच परीक्षा चाललीय असं वाटून डर्मट आधीच जीव खाऊन तिकडे धावत होता, हात वर. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, टीगचा पाय ऐन वेळी त्या हाताकडे वळला. चेंडू धावत्या छातीवर बसला.

"बघितलंत?" डर्मट तिथूनच ओरडला. "धावतानासुद्धा!"

पर्विस हसला, पण ते हसणं वाईट नव्हतं. परत येताना मला म्हणाला, "मॅडम, इतका गोड पाय मी पाहिलेला नाही. पण तिकडे त्याची गोडी शत्रूच खाईल." त्याने ऑल्डेकरला घेतलं. ज्याला स्वतःला माहीत नसतं चेंडू कुठे जाणार, त्याला!

माझं डोकं भणभणलं होतं. मी तरातरा डर्मटकडे निघाले. दोन शब्द सुनावल्याशिवाय मला झोप लागली नसती. टीगने माझं कोपर धरलं.

"बाई, नको. त्याला काही बोलू नका."

"अरे, खांबासारखं उभं राहा म्हणाले होते! सगळं वाटोळं केलं त्याने तुझं!"

"त्याला नाही माहीत. त्याला कधी कळताही कामा नये." टीग रडत होता, तोंड न लपवता, लहान पोरासारखा. "मला जायचं होतं हो. खूप जायचं होतं. पण तुम्ही ऐकलंत ना तो काय म्हणाला? सगळ्यांसमोर? बाबा गेल्यापासून वाट बघतोय मी, हा एकदा तरी बरं म्हणेल म्हणून. आणि मुहूर्त कोणता काढला बघा!" रडता रडता त्याला हसू आलं. मला मात्र हसू येईना. मी त्याला माझा रुमाल दिला.

तो तोंड धुवायला नळावर गेला तेवढ्यात डर्मट आला, हातात चहाचे तीन पेले.

"काय ठरलं?"

"पर्थवाला घेतला," टीग नळावरूनच म्हणाला. "त्यांना उजव्या पायाचा हवा होता."

खरं तर डाव्या पायाला तिकडे जास्त मागणी आहे. पण डर्मटला ते कुठून माहीत असणार?

"गाढव आहेत लेकाचे!" डर्मट म्हणाला. पेला माझ्या हातात दिला आणि तिथेच घुटमळला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी बोललो ते ठीक होतं ना? मला बोलता येत नाही नीट. गाडी चालवताना सगळ्या वाटेत मनात जुळवत आलो, कोणी विचारलं तर काय सांगायचं ते."

मी आधी चहाचा घोट घेतला.

"फार छान बोललास," मी म्हटलं. "याहून चांगलं कोणाला बोलताच आलं नसतं."

डर्मटचे कान लाल झाले. "मग झालं," तो म्हणाला, आणि गायींची वेळ होत आली म्हणून भावाला हाक मारत गाडीकडे निघाला.