किती आणलं ते सांगणारी टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. पण मला शोधायला कोठीत जाऊ नका, की बाजारात बुरडाकडे चौकशी करू नका. मी बांबूची नाही. मी संगणकाच्या मेमरीतली एक छोटी मोकळी जागा आहे. शिकलेली माणसं मला बफर म्हणतात. दामिनी मला टोपली म्हणते, आणि मला घडवलं तिने, तेव्हा तिचंच नाव खरं.

दामिनी आंधळगावची. भंडाऱ्याला कॉलेजात शिकत असताना तिने फाइल कॉपी करायचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्यातच माझा जन्म झाला. माझं काम समजायला अगदी सोपं आहे. प्रत्येक संगणकाच्या मुळाशी एक कारभारी बसलेला असतो. त्याचं नाव कर्नल. डिस्क असो की कॅमेऱ्याचं कार्ड, त्यांना हात लावायची मुभा फक्त त्याला. बाकीच्या प्रोग्रॅमांनी त्याच्या दाराशी जायचं आणि हाक मारायची. "एवढं वाचून दे," अशी हाक मारली की तो मला भरून देतो. "हे तिकडे लिहून ठेव," अशी दुसरी हाक मारली की तो मला रिकामी करतो. भर, रिकामी कर, पुन्हा भर. थेंबे थेंबे तळे साचे, तशी माझ्या एवढ्याशा पोटातून डोंगराएवढी फाइल पार होते.

आणि माझा एक गुण मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. दर खेपेला किती आलं, याचा हिशेब मला नेमका मिळतो. टोपली अर्धी आली तर अर्धीच आली असं कळतं. कुठे अडलं, तेही कळतं. मी कधीही फुशारकी मारत नाही. आत्ता मारते आहे ती सोडून द्या.

पुढे दामिनी मोठी झाली. जगभरची माणसं मिळून एक कर्नल लिहितात, त्यांच्यात तिचंही नाव लागलं. घर मात्र आंधळगावलाच राहिलं. तिची आई पुष्पाबाई शेजारणींना सांगायची, "माही पोरगी दिवसभर कम्प्युटरच्या पोटात हात घालून बसते." हे वर्णन मला फार आवडायचं.

एकदा दामिनीच्या मनात आलं, की एका खोलीतलं धान शेजारच्या खोलीत न्यायचं असेल तर ते अंगणातून फिरवून कशाला आणायचं? मधल्या दारानेच न्यावं! म्हणजे असं, की मला भरून दाराबाहेर आणा आणि पुन्हा आत न्या, हा सगळा खटाटोप वाचवायचा. कर्नललाच सांगायचं, "ही फाइल, ती जागा, आतल्या आत कॉपी कर आणि झालं की सांग." अशी एक नवी हाक तिने तयार केली. ती माझी धाकटी बहीण.

धाकटी वेगाने निघाली. मला घाम फुटायचा तिथे ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत मोकळी व्हायची. सगळीकडे तिचंच कौतुक. मला कोणी हाक मारेना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भीती वाटली नाही. माझं काम मला ठाऊक होतं.

धाकटीची एक खोड मात्र मला दिसत होती. ती आधीच नव्या जागी अख्ख्या फाइलीएवढी जागा धरून ठेवायची आणि मग भरायला घ्यायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! शेवटी तपासणी एकच, नव्या फाइलीची लांबी जुनीएवढी आहे ना? आहे. मग "झालं" म्हणायचं. आणि तिला बोलताही दोनच शब्द यायचे, "झालं" आणि "नाही". मध्येच अडखळलं तर काय म्हणायचं, हे अजून कोणी ठरवलंच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आंधळगावची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. मंडई म्हटली की आमच्याकडे दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, आलंच, आणि दंडार म्हटली की दामिनीचे बाबा, पुंडलिकराव. भरदुपारी उभे राहून गायचे तरी आवाज बाजाराच्या टोकापर्यंत जायचा. पण या खेपेला त्या आवाजाला दुखणं लागलं होतं. दोन दिवसांनी नागपूरला त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाजाची पेटीच काढावी लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुंडलिकराव म्हणाले, "आधी दंडार, मंग डॉक्टर." आणि ते गायले. पूर्ण गायले.

दामिनीचा चुलतभाऊ निकेश शूटिंगची कामं करायचा. त्याने सगळी दंडार कॅमेऱ्यात घेतली. पुंडलिकरावांचं ते शेवटचं गायन या जगात एकाच जागी होतं, निकेशच्या कार्डावर. आणि दुसऱ्या दिवशी एकोडीची मंडई होती. त्याच कार्डावर त्याला तिथली दंडार घ्यायची होती.

सकाळीच तो दारात हजर झाला. "ताई, लवकर कर वं. मले एकोडीले पोचा लागते. कार्ड रिकामं पायजे."

दामिनीने कार्ड लावलं आणि मोठ्या अभिमानाने धाकटीला हाक मारली. निकेशचा चहा अजून बशीतच होता, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "झालं."

"येवढ्यात?" निकेश चकित झाला.

"लांबी बरोबर आहे, पाह्य," दामिनी म्हणाली. निकेशने कार्ड खिशात टाकलं आणि गाडीला किक मारली.

दुपारी पुष्पाबाई भांडी आवरून आल्या. नवऱ्याच्या ऑपरेशनचं नाव त्यांनी दिवसभर काढलं नव्हतं. पदराला हात पुसत म्हणाल्या, "दामिनी, शेवटचं गाणं लाव वं. मले आयकू दे."

दामिनीने फाइल शेवटाकडे सरकवली. पडद्यावर काळोख. आवाज नाही. तिने थोडं मागे नेलं, आणखी मागे नेलं. शेवटच्या गाण्याची पहिली ओळ संपली की पुढे सगळी पोकळी होती! कार्डावर एका ठिकाणी खराब जागा होती. धाकटी तिथे अडखळली आणि पुढचं काही आणलंच नाही. धरून ठेवलेली जागा तशीच रिकामी राहिली, पण लांबी जुळली, म्हणून "झालं". उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुष्पाबाई खाली बसल्या. "मंग आवाज कोठं गेला?"

"कार्डात आहे, आई. निकेशनं पुसलं नसंल तर."

निकेशचा फोन वाजत राहिला. मंडईच्या गर्दीत त्याला काय ऐकू येणार? मग दामिनीला साधनाची आठवण झाली. तिची शाळेतली मैत्रीण, एकोडीला दिलेली. साधनाने फोन उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि फोन चालूच ठेवून धावत सुटली. इकडे खोलीत आम्ही ऐकत होतो. तिची धाप, पिपाण्या, जिलेबीवाल्याची आरोळी, जवळ येत चाललेली ढोलकी. पुष्पाबाईंनी दामिनीचा दंड घट्ट धरला होता.

"ओ निकेशभाऊ! थांबा! ते कार्ड पुसू नोका!"

"काहून?" निकेशचा आवाज आला. "आता पुसूनच राहिलो होतो ना!"

"पुसलं का?"

"नाही ना. विचारून राहिला कॅमेरा, पुसू का म्हणून."

"मंग त्याले नाही म्हणा!"

पुष्पाबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. दामिनीने मात्र मान खाली घातली. तिच्या हातून आज बाबांचा आवाज जाणार होता, आणि तोही तिने स्वतः घडवलेल्या हाकेमुळे.

निकेशने एकोडीचं काम कोणाचं तरी कार्ड मागून भागवलं आणि आपलं कार्ड परत आणून दिलं. आणि मित्रांनो, त्या दिवशी दामिनीने मला हाक मारली. मला!

मी निघाले. एक टोपली, दुसरी टोपली. शेवटच्या गाण्यात ती खराब जागा आली. कर्नल म्हणाला, "इथलं मिळत नाही." मी तेच दामिनीला सांगितलं, जसंच्या तसं. तिने पुन्हा मागितलं, पुन्हा नाही. मग तिने तेवढीच जागा मोकळी सोडली, तिथे खूण केली आणि मला पुढे धाडलं. पुढचं सगळं आलं. शेवटच्या गाण्याचं उरलेलंही आलं. त्यातली एक ओळ मात्र त्या खराब जागेत कायमची राहिली.

निकेशने ते ऐकलं. "मांगच्या सालची ओळ इथं चिकटवून देतो, ताई. कोणाले समजणार नाही."

"नोको," दामिनी म्हणाली. "जे आलं नाही ते आलं नाही. आलं म्हणून दाखवल्यानंच तर हे सारं झालं."

नागपूरहून बाबांना घेऊन परतल्यावर ती पुन्हा कामाला बसली. धाकटीला तिने मोडलं नाही, नीट वळण लावलं. आता धाकटी "झालं" असं मोघम म्हणत नाही. खरोखर किती नेलं, तेवढंच सांगते. नेलं तेवढीच फाइल वाढवते. मध्येच कोणी "थांब" म्हटलं तर थांबते. आणि जमत नसेल तर सरळ म्हणते, "हे माझ्याने होणार नाही, टोपलीला बोलवा." दामिनीसोबत काम करणाऱ्या परदेशातल्या एकाने विचारलं, याने वेग कमी नाही का होणार? दामिनीने लिहिलं, "होईल, थोडासा. मला चालेल." शेवटी सगळ्यांनाच ते चाललं. आता आम्ही दोघी गुण्यागोविंदाने नांदतो. तिला अडलं की मी असते, आणि तिला अडतं बरं का!

पुढच्या मंडईला पुंडलिकराव गळ्याला उपरणं गुंडाळून दंडारीच्या जागी बसले. आता ते बोलू शकत नव्हते. निकेशने दामिनीचा लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि ती फाइल लावली. वाजवायलाही वाचावं लागतं, आणि वाचायला मी लागते. टोपली टोपली करून मी त्यांचा आवाज बाजारात ओतत होते. लोक हातातलं काम टाकून उभे राहिले.

शेवटचं गाणं लागलं. "आली मंडई गावात..." आणि ती जागा आली. माझ्यात काहीच नव्हतं. मी रिकामी होते आणि रिकामीच पुढे गेले.

स्पीकर बंद पडल्यासारखा झाला. मग पुष्पाबाईंनी, आयुष्यात कधी चारचौघांत न गाणाऱ्या पुष्पाबाईंनी, ती ओळ उचलली. "सखे, दिवा ठेव दारात..." त्यांच्यामागोमाग झील धरणाऱ्यांनी धरली, आणि मग सगळ्या बाजाराने. पुंडलिकरावांचे ओठ त्याच ओळीवर हलत होते. ओळ संपली तेव्हा पुढची घेऊन मी वेळेवर हजर होते, आणि त्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मित्रांनो, मला देव्हाऱ्यात बसवू नका, माझी पूजा करू नका. एवढंच करा. आपलं मोलाचं काही एका जागेहून दुसरीकडे नेलंत, तर ते उघडून शेवटपर्यंत बघा, ऐका, आणि मगच जुनी जागा पुसा. आणि नेणाऱ्याला "झालं का?" असं विचारू नका. "किती झालं?" असं विचारा. अर्धं झालं असं खरं उत्तर आलं, तर त्याच्यावर रागावू नका. उरलेलं आणायला मी आहे.